कळपातला धनुर्वात: कोकराआधी त्याच्या आईला लस

खच्ची करून आठ-दहा दिवस झालेले असतात. जखमेवर खपली धरलेली असते, सूज ओसरलेली असते, आणि काम निभावलं असं मेंढपाळ समजून चाललेला असतो. मग एका सकाळी वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, उचलून कळप बाहेर काढताना एक कोकरू मागे रेंगाळतं. पाय टाकतं, पण ते सांध्यात नीट वाकत नाहीत. शेपटी ताठ, कान वर ओढलेले, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा पुढे सरकलेला. भूक असते, आईच्या कासेशी तोंडही नेतं, पण सड तोंडात धरता येत नाही. जबडा उघडतच नाही. जवळ कुणी घमेलं आपटलं की अंगभर झटका येऊन ते आडवं पडतं, चारी पाय सरळ, मान मागे पाठीकडे वळलेली. पुढे पोट फुगतं. तीन-चार दिवसांत ते जातं, आणि तोवर त्याच्याबरोबर खच्ची केलेल्या आणखी दोघा-तिघांची चाल बदललेली असते.

एकामागून एक कोकरं पडायला लागली की साथ आली असंच वाटतं. आजारी कोकरं वेगळी काढली जातात, वाडा, म्हणजे कळपाचा मुक्काम, दुसरीकडे हलवला जातो. पण धनुर्वात एका मेंढीकडून दुसरीकडे जात नाही. एकाच दिवशी, एकाच जागी, एकाच पात्याने झालेल्या जखमांत एकाच मातीतला जंतू शिरलेला असतो, म्हणून ती कोकरं एकाच सुमारास पडतात. वाडा हलवून हा आजार थांबत नाही. तो थांबवायची वेळ जखमेच्या आधी असते, आणि लहान कोकराच्या बाबतीत तर ती कोकरू जन्मायच्याही आधी असते. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

जंतू कुठे असतो

धनुर्वाताच्या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी. तो मातीत राहतो, आणि घोडा, मेंढी, गाय यांच्या आतड्यातही कसलाही त्रास न देता राहतो. लेंडीतून, लिदीतून पुन्हा मातीत येतो. ज्या जमिनीला वर्षानुवर्षं जनावरांचं खत पडत आलंय तिथे तो हमखास सापडतो.

याला प्राणवायू सोसत नाही. हवा लागली की तो वाढत नाही. पण मरतही नाही, कारण वाईट काळासाठी तो स्वतःभोवती जाड कवच तयार करून बीजाणू होऊन पडून राहतो. हा बीजाणू कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतो. ऊन, दुष्काळ, नेहमीची जंतुनाशकं, कशालाच तो दाद देत नाही. १८८४ मध्ये आर्थर निकोलायर या जर्मन संशोधकाने बागेतली साधी माती उंदीर-सशांना टोचून त्यांना धनुर्वात झालेला दाखवला, तेव्हा हा आजार मातीतून येतो हे पक्कं झालं. पुढे १८८९ मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या शिबासाबुरो कितासातो यांना हा जंतू इतर जंतूंपासून वेगळा काढायचा होता. त्यांनी जखमेतल्या पू-जंतूंचं मिश्रण ८० अंश सेल्सिअसला तापवलं. बाकीचे जंतू मेले, धनुर्वाताचे बीजाणू उरले. ते मग हवेशिवाय वाढवून त्यांनी शुद्ध जंतू मिळवला.

या प्रयोगातून मेंढपाळाने घ्यायची गोष्ट अशी, की कातर किंवा पातं गरम पाण्यात बुडवून काढलं म्हणजे ते धनुर्वातापुरतं निर्जंतुक झालं, असं होत नाही. उकळत्या पाण्याचाही यावर भरवसा देता येत नाही. दाबाखाली १२१ अंशाला १५ ते २० मिनिटं ठेवलं तरच हे बीजाणू खात्रीने मरतात. दवाखान्यात त्यासाठी ऑटोक्लेव्ह असतं. घरचा प्रेशर कुकर त्याच्या जवळ जातो. फक्त हत्यारं आधी ब्रशने घासून माती-रक्त पूर्ण काढलेलं हवं, आणि तो कुकर परत स्वयंपाकाला वापरायचा नाही.

आपल्याकडच्या भटक्या कळपांत दोन गोष्टी आहेत ज्यांमुळे हा जंतू कायम सोबत असतो. एक म्हणजे शेतात मेंढ्या बसवणं. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं म्हणूनच तो रात्री कळप शेतात बसवून घेतो, त्यामुळे कळप नेहमी खतावलेल्या मातीवरच झोपतो. दुसरी म्हणजे बिऱ्हाड वाहणारी घोडी. घोड्याच्या लिदीत हे बीजाणू असू शकतात, आणि घोडा स्वतः या आजाराला सगळ्यांत नाजूक. मेंढ्या-शेळ्या त्याच्या खालोखाल. गाय-बैल आणि कुत्रा बरेच टणक, कोंबडीला तर जवळपास काहीच होत नाही. म्हणजे वाड्यावरचं राखणीचं कुत्रं त्याच काट्याने जखमी होऊनही बरं होतं, म्हणून मेंढीलाही काही होणार नाही, असा अंदाज बांधू नये.

कोणती जखम घातक

जखम मोठी म्हणजे धोका मोठा, असा सरळ हिशेब इथे नाही. उघडी, वाहती, रुंद जखम दिसायला भयंकर असते, पण तिला हवा लागते, रक्ताबरोबर घाण बाहेर येते. जंतूला हवी असते खोल, अरुंद, वरून लवकर बंद झालेली जागा, जिथे थोडं मांस मेलेलं आहे आणि रक्त पोचत नाही. वेड्या बाभळीचा काटा खुराच्या वर रुततो, मोडतो, वरची त्वचा मिटते. कान टोचून बिल्ला मारतात, त्या भोकाभोवती पू धरतो. लांडगा किंवा कुत्रा धरतो तेव्हा सुळ्याची भोकं लहान दिसतात, आत मांस चेचलेलं असतं. लोकर कातरताना पोटाखाली, काखेत कातर लागते आणि लोकरीखाली ते ध्यानातही येत नाही. अडलेली मेंढी हात घालून सोडवतात किंवा जार अडकतो, तेव्हा गर्भाशयातच जंतूला जागा मिळते. नवजात कोकराची ओली नाळ जमिनीवर लोळते, ती तर उघडी वाटच.

सगळ्यांत अनुकूल जागा मात्र रबरी रिंगने खच्चीकरण केल्यावर तयार होते. रिंगने रक्तपुरवठा तोडला जातो, खालचा भाग हळूहळू मरतो आणि काही आठवड्यांनी गळून पडतो. तेवढे दिवस रिंगच्या खोबणीत ओलं, मेलेलं, हवा न लागणारं मांस असतं, आणि कोकरू त्यावर बसून मातीत घासत असतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये रिंगने शेपट्याही कापतात, म्हणून तिथे धनुर्वाताची लस हा मेंढीपालनाचा पाया मानला जातो. बहुधा ती अशा जंतूंच्या इतर आजारांबरोबर एकाच लशीत येते. आपल्या दख्खनी मेंढीची शेपटी मुळात आखूड आणि बारीक, ती कापायची वेळच येत नाही. तेवढी एक जखम आपल्याकडे कमी आहे.

विष नेमकं काय करतं

जंतू स्वतः जखमेतच राहतो, शरीरभर पसरत नाही. पसरतं त्याचं विष. ते जखमेजवळच्या स्नायूंत जाणाऱ्या मज्जातंतूच्या टोकांत शिरतं आणि तंतूच्या आतून मज्जारज्जूपर्यंत प्रवास करतं. या प्रवासाला वेळ लागतो, म्हणून जखम आणि लक्षणं यांत साधारण ३ दिवसांपासून ३ आठवड्यांपर्यंत अंतर पडतं. तोवर जखम भरून गेलेली असू शकते, आणि कारण शोधायला जावं तर काहीच दिसत नाही. जखम डोक्या-मानेच्या जवळ असेल तर अंतर कमी. लक्षणं जितकी लवकर येतील तितका आजार जबर, हेही बहुतेक वेळा खरं ठरतं.

मज्जारज्जूत पोचल्यावर ते जे करतं ते समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक स्नायूला दोन तऱ्हेचे निरोप जात असतात, आवळ आणि सोड. मेंढी पाय वाकवते तेव्हा एका बाजूचे स्नायू आवळतात, आणि त्याच क्षणी विरुद्ध बाजूच्या स्नायूंना सैल राहायचा निरोप जातो. हा "सोड"चा निरोप ग्लायसीन आणि गाबा नावाची दोन रसायनं पोचवतात. धनुर्वाताचं विष त्यांना पेशीतून बाहेर पडू देत नाही. त्यासाठी पेशीतलं एक विशिष्ट प्रथिन ते तोडून टाकतं. मग "आवळ" चालू राहतो आणि "सोड" बंद होतो. उतारावर भरल्या गाडीच्या बैलांचा कासरा हातातून सुटावा, तसं होतं. सगळे स्नायू एकदम आवळतात, आणि त्यात जे जास्त जोरकस तेच जिंकतात. जबडा मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट, म्हणून जबडा मिटतो. पाठीचे बळकट, म्हणून मान मागे वळते. बारीकशा आवाजाने, उजेडाने, स्पर्शाने झटके येतात, कारण आलेली संवेदना आवरून धरणारं काही उरलेलं नसतं. रवंथ थांबतो, ढेकर देता येत नाही, म्हणून पोट फुगतं. शेवटी श्वासाचे स्नायू आखडतात.

या सगळ्यात कोकराची शुद्ध जात नाही. त्याला सगळं जाणवत असतं. हा आजार टाळायलाच हवा असं मी पोटतिडकीने म्हणतो त्याचं हे एक कारण आहे; पैशाचं नुकसान हे दुसरं.

हे विष इतकं जहाल आहे, की माणसाला मारायला शरीराच्या दर किलोमागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम पुरतं. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. इतकी कमी मात्रा जीव घेते, पण शरीराला ओळख पटून प्रतिकारशक्ती तयार व्हायला ती अपुरी पडते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या मेंढीलाही तो पुन्हा होऊ शकतो. "हिला एकदा होऊन गेलाय, आता हिला भीती नाही" हे देवीच्या बाबतीत चालेल, इथे नाही. वाचलेल्या मेंढीलाही लस द्यायचीच.

आजारी जनावर समोर असताना

प्रयोगशाळेतून याची खात्री करणं अवघड जातं; शवविच्छेदनातही खास असं काही दिसत नाही. ओळख लक्षणांवरूनच करावी लागते, त्यामुळे सारखे दिसणारे आजार माहीत असलेले बरे. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडलेली कोकरंही ताठ चालतात, पण त्यांचा जबडा उघडतो आणि आवाजाने झटका येत नाही. नाळेतून जंतू जाऊन सांधे धरलेल्या कोकराचे सांधे सुजलेले आणि गरम लागतात, अंगात ताप असतो. आंत्रविषाराचं, म्हणजे आतड्यात जंतूचं विष तयार होऊन आजारी पडलेलं, कोकरूही मान मागे टाकतं, पण ते काही तासांतच जातं, आणि बहुधा कळपातलं सगळ्यांत गुटगुटीत कोकरू असतं. नुकत्याच व्यालेल्या किंवा व्यायला टेकलेल्या मेंढीत कॅल्शियम कमी झालं तर सुरुवातीला थरथर आणि अवघडलेली चाल दिसते, पण नंतर ती सैल पडते आणि कॅल्शियम दिल्यावर उठते.

एका बाबतीत मात्र फार जपायचं. कुत्रा चावलेल्या मेंढीला गिळता येत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, तर ती पिसाळलेली असण्याची शक्यता आहे. काय अडकलंय ते बघायला उघडा हात तिच्या तोंडात घालू नका. आधी डॉक्टर बोलवा.

उपचार आहेत. पशुवैद्यक जखम शोधून मोकळी करतात, मेलेलं मांस काढतात, हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतात म्हणजे तिथे प्राणवायू पोचतो. जंतू मारायला पेनिसिलिनचे मोठे डोस देतात. मोकळं फिरणारं विष निकामी करायला प्रतिविष देतात. झटके कमी करायला गुंगीची औषधं देतात. पण जे विष मज्जारज्जूत जाऊन चिकटलंय त्याला प्रतिविष सोडवू शकत नाही. तिथे नवे जोड तयार होण्याची वाट पाहणं एवढंच उरतं, आणि त्याला आठवडे लागतात. तेवढे दिवस जनावराला अंधाऱ्या, शांत जागी, मऊ गवतावर ठेवायचं, कुशी बदलत राहायची, नळीने पाणी-पेज द्यायची, पोट फुगलं की हवा काढायची. आज इथे तर उद्या तिथे असणाऱ्या वाड्यावर हे कसं जमायचं? मोठी मेंढी, सौम्य आजार आणि लवकर सुरू झालेला उपचार, असं जुळून आलं तर काही वाचतात. लहान कोकरं बहुतेक जातात. ज्याची मान वळलीय, झटके थांबत नाहीत, श्वास अडकतोय, अशा कोकराला डॉक्टरांकडून वेदनेतून सोडवणं हीच दया आहे, असं मला वाटतं. मेलेलं जनावर खोल पुरावं. आजारी जनावर कापून खाऊ नये, विकूही नये.

लस, आणि ती कुणाला

मेंढपाळांकडून सतत ऐकू येणारं उत्तर म्हणजे "आमच्या कळपाला सगळ्या लशी झाल्यात." त्या कोणत्या हे विचारलं की पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), आंत्रविषार, देवी, घटसर्प, लाळ्या खुरकूत अशी नावं येतात. या सगळ्या हव्यातच. पण यातली एकही धनुर्वातावर काम करत नाही. घोटाळा जास्त होतो तो आंत्रविषाराच्या लशीमुळे, कारण त्या आजाराचा जंतू धनुर्वाताच्या जंतूचा सख्खा भाऊबंद, क्लॉस्ट्रिडियम कुळातलाच. पण दोघांचं विष वेगळं, त्यामुळे लसही वेगळी. परदेशातल्या काही लशींत आंत्रविषार आणि धनुर्वात एकत्र असतात, म्हणून इंटरनेटवर वाचून गोंधळ वाढतो. आपल्याकडच्या बाटलीवर "टेटॅनस टॉक्सॉइड" असं छापलेलं आहे की नाही ते स्वतः पाहा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या.

टॉक्सॉइड म्हणजे मारक शक्ती काढून घेतलेलं विष. फ्रान्समध्ये गास्तों रामों या पशुवैद्याने १९२० च्या दशकात ही रीत बसवली. फॉर्मॅलिन आणि ऊब यांनी विषाची बाधा संपते, पण त्याचा आकार तसाच राहतो, म्हणून शरीर ते ओळखायला शिकतं आणि त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. पहिला डोस फक्त ओळख करून देतो. ४ ते ६ आठवड्यांनी दुसरा दिला की खरं संरक्षण उभं राहतं. मग वर्षाला एक. एकच डोस देऊन सोडलेला कळप अर्धवट राखलेला असतो.

आता कोकराचा प्रश्न. खच्चीकरण, नाळ, कानाचा बिल्ला, हे सगळं आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत होतं, आणि तेवढ्यात कोकराचं स्वतःचं शरीर लशीला पुरता प्रतिसाद देऊन तयार होऊ शकत नाही. म्हणून त्याला आईचं संरक्षण उसनं घ्यावं लागतं.

माणसांतही हेच केलं. गरोदर बायकांना धनुर्वाताची सुई द्यायची, म्हणजे बाळ जन्मतानाच सुरक्षित. त्या सुया, दवाखान्यातली बाळंतपणं आणि नाळ कापण्याची स्वच्छता यांच्या जोरावर २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर १,००० जन्मांमागे एकाहून कमी बाळाला हा आजार, इथवर आपण आलो. मेंढीत एक मोठा फरक आहे. बाईच्या वारेतून प्रतिद्रव्यं पोटातल्या बाळापर्यंत जातात. मेंढीच्या जारेतून ती जात नाहीत. कोकरू पूर्ण कोरं जन्माला येतं. आईने बनवलेलं सगळं संरक्षण तिच्या कासेत, चिकात साठलेलं असतं. चीक पोटात गेला तर संरक्षण मिळालं, नाही गेला तर आईला दिलेली लस कोकराच्या उपयोगाची नाही.

त्यातही वेळ थोडा असतो. जन्मल्यानंतर कोकराचं आतडं ही प्रतिद्रव्यं अख्खी शोषून घेतं, पण दर तासाला ही ताकद घटत जाते आणि साधारण एका दिवसात संपते. पहिले ६ तास सगळ्यांत मोलाचे. कोकराच्या वजनाच्या दर किलोमागे पहिल्या खेपेला सुमारे ५० मिलिलिटर, आणि पहिल्या दिवसभरात सुमारे २०० मिलिलिटर चीक पोटात जायला हवा. तीन किलोच्या कोकराला म्हणजे पहिल्या खेपेला दीडशे, दिवसभरात सहाशे मिलिलिटर. "चीक जड पडतो" म्हणून तो पिळून टाकणारी माणसं अजून भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगतो, तो टाकू नका.

जुळ्यांकडे वेगळं लक्ष हवं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. या मेंढ्यांना जुळी बरीच होतात. जुळं म्हणजे त्याच कासेतला चीक दोघांत वाटला जाणार, आणि अशक्त कोकरू मागे राहणार. त्याला धरून पाजायचं. त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या लसवंत मेंढीचा चीक असेल तर तोही चालतो.

चिकात प्रतिद्रव्यं भरपूर उतरायची असतील तर आईला लस व्यायच्या ४ ते ६ आठवडे आधी हवी. मेंढी साधारण १५० दिवस गाभण राहते, म्हणजे चौथा महिना सरत येतानाची ही सुई. आयुष्यात पहिल्यांदाच लस घेणाऱ्या मेंढीला त्याच्याही आधी, गाभणपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या आसपास, पहिला डोस झालेला हवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला, हिरवा चारा आला की, मेंढ्या मोठ्या संख्येने फळतात आणि थंडीत वितात. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला इकडचे कळप याच सुमारास घर सोडून बाहेर पडतात. म्हणून दसरा ते दिवाळी, गावातून निघायच्या आधी, ही सुई उरकून घेणं सोयीचं. एकदा वाटेला लागलं की ओळखीचा दवाखाना नाही आणि बर्फही नाही. एडका वर्षभर कळपात मोकळा असेल तर विणी पसरलेल्या असतात. तिथे गाभण मेंढ्या कासेवरून ओळखून रंगाने खूण करत दोन-तीन टप्प्यांत लस द्यावी लागते. कटकट आहे, पण त्याला पर्याय नाही.

बर्फाबद्दल एक महत्त्वाचं. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. तिच्यात तुरटीच्या जातीचा क्षार असतो, गोठली की त्याच्या गुठळ्या होतात आणि ताकद जाते. बाटली बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका, कापडात गुंडाळा. देताना हलवून घ्या. एकाच सुईने अख्खा कळप टोचणं म्हणजे लस देता देताच जंतू आत ढकलणं. सुया मुबलक ठेवा आणि सारख्या बदला.

लसवंत आईचा चीक नीट प्यालेलं कोकरू सुमारे दोन-अडीच महिने सुरक्षित राहतं. खच्चीकरण त्या काळात उरका, आणि ते संरक्षण संपत येताना कोकराची स्वतःची दोन डोसांची लस सुरू करा. आईला लसच नसेल आणि जखम करणं भाग असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून प्रतिविषाची सुई घ्यावी. ती लगेच काम करते, पण तिचा असर साधारण दोन आठवडेच टिकतो. तिच्याबरोबर दुसऱ्या जागी टॉक्सॉइड दिलं तर पुढची तयारीही होते. डोस किती हा निर्णय डॉक्टरांचा.

आणखी एक. बऱ्याच साथींत निम्म्याहून जास्त जनावरांना लस दिली की उरलेल्यांनाही थोडा आडोसा मिळतो. इथे तसं नाही. जंतू शेजारच्या मेंढीकडून येत नाही, जमिनीतून येतो. शंभरातल्या नव्वदांना लस दिली तर उरलेल्या दहा पूर्ण उघड्यावर आहेत.

हाताची कामं

नर कोकरू चार-पाच महिन्यांचं होऊन बाजारात जाणार असेल, तर ते खच्ची करायची खरंच गरज आहे का हे आधी विचारा. पुष्कळदा नसते. करायचंच असेल तर बर्डिझो चिमट्याने, म्हणजे बाहेरूनच नस चेपणाऱ्या चिमट्याने, जाणत्या हाताकडून करून घ्या. त्यात कातडी फाटत नाही. पात्याने किंवा रिंगने करणार असाल तर लस नाही तिथे ते करूच नये, हे माझं ठाम मत आहे. जागा कोरडी, गवताळ, रात्री कळप न बसलेली निवडा. झाल्यावर कोकरं परत लेंड्यांत सोडू नका.

नाळेला जन्मल्याबरोबर टिंक्चर आयोडीन लावा, पुसून नाही, छोट्या वाटीत अख्खी नाळ बुडवून. संध्याकाळी पुन्हा. कापायची वेळ आली तर नवं ब्लेड.

जखमेवर माती, राख किंवा शेण दाबायची जुनी सवय सोडायलाच हवी. रक्त थांबतं हे खरं, पण ज्या मातीत जंतू आहे तीच आपण आत भरून वरून झाकण घालतो. स्वच्छ पाण्याने धुवा, पेरॉक्साइड किंवा आयोडीन लावा, काटा रुतला असेल तर तो काढून जखम मोकळी ठेवा. लोकर कातरणारे एका कळपातून दुसऱ्या कळपात जातात, त्यांची कातर आपल्या वाड्यावर आल्यावर घासून धुवून मगच चालू करायला सांगा. कातरणीनंतर प्रत्येक मेंढीच्या पोटाखालून आणि काखेतून हात फिरवून चिरे शोधा.

घोडीला विसरू नका. बिऱ्हाड तिच्या पाठीवर असतं आणि तिच्या नालेचा एक खिळा आत गेला तरी पुरे. तिलाही दोन डोस आणि मग दर वर्षी, डॉक्टर सांगतील तसं.

आणि जो हे सगळं करतो, काटेकुट्यांत अनवाणी फिरतो, कातरीने बोट कापून घेतो, अडलेल्या मेंढीत हात घालतो, त्याची स्वतःची सुई कधी झालीय? सरकारी दवाखान्यात टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि डिप्थीरियाची, सुई मिळते, आणि मोठ्या माणसाला दर १० वर्षांनी ती हवी. वाड्यावरच्या बायकांना, पोरांनाही. कळपाला लस द्यायला निघाल त्या आठवड्यातच आरोग्य केंद्रात जाऊन घरच्या सगळ्यांची सुई करून घ्या.